दुसरी टिचकी

माझ्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं नख मी आजही जरा वाढवलेलं ठेवतो. घरी आलेला एखादा पाहुणा विचारतो, सतार वगैरे वाजवता का? मी सांगतो, सतार नाही हो, एकच तार वाजवायचो, पण ती सोलापूरपासून दौंडपर्यंत लांब होती. पाहुण्याला वाटतं, म्हातारा थापा मारतोय. थापा मी मारतो, नाही असं नाही. पण ही त्यांतली नव्हे.

सत्तरच्या दशकात डिप्लोम्याचा कागद हातात घेऊन मी रेल्वेच्या टेलिफोन खात्यात चिकटलो. सोलापूर स्टेशनाच्या अंगाला एका बैठ्या इमारतीत आमची टेस्ट रूम होती. रुळांच्या कडेनं खांब, खांबांवर तारा. त्यांतली एक कंट्रोलची. कुठली गाडी कुठं थांबवायची, कुठली सोडायची, हे कंट्रोलरसाहेब तिच्यावरून स्टेशनांना सांगत. दुसरी एक जुनाट तार होती, ती आम्हा दुरुस्तीवाल्यांची. दर स्टेशनावर एक मेकॅनिक बसे आणि त्याच्यापासून पुढच्या स्टेशनापर्यंतचे खांब ही त्याची हद्द. तार एकच असल्यामुळे रिसीव्हर उचलला की सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू जायचं. तारेवर कुणालाही नाव नव्हतं. माणूस ज्या स्टेशनाचा, तेच त्याचं नाव. 'माढ्याला सर्दी झालीय.' 'मोहोळ जेवायला गेलंय.' 'केम सकाळपासून फुगून बसलंय.' मी रुजू झालो त्या दिवशी सोलापूर झालो. ज्याला आदल्या आठवड्यापर्यंत घरात कुणी विचारत नव्हतं, तो एकदम आख्खं शहर झाला. डोक्यात हवा जायला एवढं पुरे होतं.

पहिल्या दिवशी अण्णांनी हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. अण्णा म्हणजे आमच्या खोलीचे प्रमुख. मूळचे अक्कलकोटकडचे, घरी कानडी, कचेरीत मराठी, आणि राग आला की पुन्हा कानडी.

"बोलू नको," ते म्हणाले. "नुसतं ऐक."

मी ऐकायला लागलो. आधी फक्त वारा होता. खोलीतला नव्हे, मैलोगणती माळावरचा, तारांना घासत येणारा. मग एक कावळा ओरडला. त्याच्यामागं कुठंतरी खूप आत एक घंटा पडली. कुणीतरी पाण्याची बादली फरशीवर ठेवली, तिच्या कडीचा आवाज आला. माझ्या डोळ्यांसमोर भिंत होती, भिंतीवर जुनं कॅलेंडर होतं, आणि दोन कानांच्या मधे अर्धा जिल्हा दुपारचा पसरला होता. अंगावर सरसरून काटा आला.

"अण्णा, हे काय आहे?"

"काय ऐकू आलं?"

मी सांगितलं.

"कावळा माढ्याचा," अण्णा पान जुळवत म्हणाले. "घंटा मोहोळची. बादली केमची असणार. त्याला दुपारच्याला अंघोळ लागते."

आता त्या तारेवर बोलायची रीत. ती मला शिकवायला त्यांना जे कष्ट पडले, तेवढ्यात त्यांनी एखादं माकड रिटायर होईपर्यंत नोकरीला लावलं असतं.

तार जुनी, त्यामुळे लांबचा आवाज क्षीण व्हायचा. जेऊर बोललं की सोलापुरात ते विहिरीच्या तळातून बोलल्यासारखं यायचं. भिगवणचं तर नुसतं गुणगुणणं. म्हणून मधल्यांनी अलीकडच्यांचं पलीकडे पोचवायचं. शिवाय एकाच वेळी आठ-दहा जण कानाला लावून असायचे. कोणी मधेच आलेला, कोणी मधेच उठून खांबावर गेलेला. अशात कुणी नुसतं 'व्हय' म्हणालं, तर कशाला व्हय? कुणाला व्हय? म्हणून आमच्या आधीच्या कुणी शहाण्या माणसांनी टिचकी काढली होती. ज्याच्या बोलण्यावर तुम्ही बोलणार, त्याचं स्टेशन घ्यायचं. मग रिसीव्हरच्या तोंडावर बोटानं एक टिचकी: टक. मग त्याचे शब्द, जसेच्या तसे. ते संपले की दुसरी टिचकी: टक. तिच्यापुढचं तुमचं. दोन टिचक्यांमधली जागा दुसऱ्याची. तिथं आपला एक शब्दही ठेवायचा नाही, तिथला एक शब्दही बदलायचा नाही.

ऐकायला सोपं वाटतं ना? मलाही वाटलं.

पहिल्याच आठवड्यात माढ्यानं कुठल्यातरी बॅटरीबद्दल भलंमोठं कथन केलं. मधे ते खोकलं, मधे खोलीत शिरलेल्या शेळीला 'हाड, हाड' केलं, मधे कुणाशीतरी चहाचं बोललं. मी मन लावून ऐकलं. मग टिचकी मारली आणि सगळंच्या सगळं परत म्हटलं. खोकला, शेळी, चहा, काही सोडलं नाही. पाठांतर माझं शाळेपासून चांगलं. शेवटी दुसरी टिचकी मारली आणि माझं म्हणणं मांडलं: "बरोबर आहे."

तारेवर वारा वाहत राहिला.

"झालं?" मोहोळनं विचारलं.

"झालं."

"आरं बे, एवडी वरात काडलास आन् नवरा कुटाय?"

त्यावर पार भिगवणपर्यंत हसू गेलं. ते लांब लांब जात विरलेलं मला ऐकू आलं. आपल्यावर हसणारं हसू किती मैल चालत जातं, हे मोजायची संधी फार थोड्यांना मिळते. अण्णांनी हेडफोन काढून ठेवायला लावला. "जेवढ्या फळीवर उभं राहायचंय तेवढीच फळी उचल," ते म्हणाले. "सगळं छप्पर उपटून कशाला आणतोस? आन् मधलं काय गाळलंस तर सांगायचं, 'मधलं सोडलं'. गुपचूप गाळायचं नाही."

मग मी गाळायला शिकलो, तर दुसऱ्यांचं बोलणं सुधारायला लागलो. आमच्या लोकांची आजारी तारेसाठी आपली भाषा होती. ओल धरून जमिनीत वीज गळायला लागली की तार 'रडायलीय'. दोन तारा एकमेकींना मधूनमधून टेकायला लागल्या की 'खोकायलीय'. मला ते गावंढळ वाटे. केम एकदा म्हणालं, "तार लई रडायलीय." मी टिचकीच्या आत त्याचं केलं, "तारेवर आर्द्रताजन्य गळती आढळून येते."

"सोलापूर," केम थंडपणानं म्हणालं, "हे कोन बोललं?"

"तुम्हीच."

"मी? माज्या बापानं कदी आसलं काडलं न्हाय तोंडातनं. माजं रडनं मला परत द्या की."

मी त्याचं रडणं त्याला परत दिलं.

पण एक सांगतो, हसून घेतल्यावरही मला त्या रीतीचं जे वाटायचं ते आजतागायत कमी झालेलं नाही. दुसऱ्याच्या बोलण्यात तिसऱ्याचं बोलणं आलं तर दोन टिचक्या मारायच्या, त्यात चौथ्याचं आलं तर तीन. एकदा भिगवणचा निरोप जेऊरनं केमला सांगितला, केमनं कुर्डुवाडीला, आणि कुर्डुवाडीनं मला. टक टक टक. आणि एक मऊ, नाकातला, पारोसा आवाज बोलायला लागला: "वारं सुटलंय बगा, खांब डुलायलाय." तो भिगवणचा माणूस मी कधी पाहिला नव्हता. तीन तोंडांतून चालत तो आला होता, आणि त्याच्या अंगाला वाटेतल्या कुणाचा हातसुद्धा लागला नव्हता. देवळात गाभाऱ्यासमोर आपण आपोआप चपला काढतो ना, तसं मला त्या क्षणी खुर्चीत सरळ बसावंसं वाटलं.

आणि तरीही घोळ घातला, तो मीच.

वैशाख होता. सोलापूरचा वैशाख. टेबलाच्या लोखंडी कडेला हात लागला तर चटका बसायचा. त्यात कंट्रोलची तार खोकायला लागली. सकाळी बरी असायची, ऊन चढलं की खर्र खर्र सुरू. स्टेशनांचं बोलणं कंट्रोलरसाहेबांना तुटक ऐकू यायला लागलं. साहेब कडक माणूस. मानेवर ओला रुमाल टाकून ते आमच्या खोलीत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "मला कानात वाळू घालून गाड्या चालवता येत नाहीत. बिघाड सापडेपर्यंत ज्याची हद्द संशयात आहे त्यानं स्टेशन सोडायचं नाही."

संशयात दोन हद्दी होत्या, केमची आणि जेऊरची. त्यांच्या अलीकडची आणि पलीकडची तार आम्ही तपासून निकालात काढली होती.

आता जेऊरबद्दल सांगायला हवं. जेऊर हा अबोल माणूस होता. तारेवर तो आहे की नाही हे त्याच्या श्वासावरून ओळखावं लागे. त्याची बायको कुर्डुवाडीच्या दवाखान्यात होती, दिवस भरलेले. आदल्या वर्षी त्यांचं पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं. तेव्हा हा कुठल्यातरी तुटलेल्या तारेपाठी खांबावर होता आणि त्याला निरोपच उशिरा पोचला. हे त्यानं आम्हांला सांगितलेलं नव्हतं. कुर्डुवाडीनं सांगितलं होतं, तेही हळू आवाजात, जेऊर तारेवर नसताना. त्या दिवशी सकाळी कुर्डुवाडीनंच दवाखान्यातला निरोप आणला.

"नर्सबाईंचं हाय. टक. 'आज दिवस मावळायच्या आत होईल. बाई घाबरल्यात. नवऱ्याला बोलवून घ्या.' टक. आता माजं. जेऊर, दुपारची पॅसिंजर चुकवू नगंस."

जेऊर म्हणालं, "व्हय." एवढंच. त्या पॅसेंजरनंतर थेट रात्रीपर्यंत त्याला गाडी नव्हती.

म्हणजे काम सरळ होतं. गाडीच्या आधी जेऊरची हद्द निर्दोष ठरली, तर तो जाणार. नाही ठरली, तर बसणार.

दुपारी तपासणी सुरू झाली. हेडफोन माझ्या डोक्यावर, अण्णा आणि साहेब खोलीत उभे. त्या दोघांना तारेवरचं काही ऐकू येत नव्हतं, मी बोलेन तेवढंच. उशीर होत होता आणि पोटात कावळे होते, म्हणून मी टेबलाखालच्या डब्यातून एक कडक भाकरी आणि शेंगाची चटणी काढून हळूच चालू केली होती. सोलापूरची शेंगाचटणी ज्यांनी खाल्लीय त्यांना तिचं तेल माहीत आहे. ज्यांनी नाही, त्यांना हा पुढचा सगळा प्रकार समजावून सांगणं कठीण.

जेऊरला सांगितलं होतं, तुझ्या पुढची लिंक उघड. लिंक उघडली की पुढची तार तुटते. खोकला थांबला तर रोग पुढं, म्हणजे जेऊरच्या हद्दीत. नाही थांबला तर रोग अलीकडे, केमच्या हद्दीत. विहिरीच्या तळातून जेऊर बोललं, "पुढची लिंक उघडली, तरी खोकायलीय. ठिवतो, लिंक लावून येतो." आणि रिसीव्हर ठेवून गेलं. लिंकेची पेटी बाहेर, पलीकडच्या भिंतीला होती. केमही त्याच वेळी समोरच्या खांबावर नजर टाकायला उठलं.

खरं तर इथं जेऊर सुटला होता. पण मी डिप्लोमावाला. माझ्या डोक्यात आलं, थांबा! लिंक उघडून पुढची तार सुटली, पण जेऊरच्या पेटीतला जोड? तो तर लिंकेच्या अलीकडे! तो सैल असला तर? हा मुद्दा मोहोळ, माढा, केम, साक्षात अण्णा, कुणाच्या लक्षात आला नाही, मला आला. मी खाकरलो. "जेऊर म्हणतंय," म्हटलं. टिचकी मारली. टक.

"पुढची लिंक उघडली, तरी खोकायलीय."

दुसरी टिचकी मारली. आणि मग माझं ऐटीत सांगितलं:

"म्हणजे पेटीतलाच जोड सैल असणार. तपासायला संध्याकाळ होईल."

कंट्रोलरसाहेबांनी मान डोलावली. माझी छाती फुगली. साहेबांनी आपला तर्क उचलला! त्यांनी माझ्या समोरचा बोलायचा भोंगा स्वतःकडे ओढला आणि जेऊर परत आल्यावर त्याला म्हणाले, "जेऊर, थांबायचं. तुमचा जोड सैल आहे ना? तो होईपर्यंत स्टेशन सोडू नका."

जेऊर काय म्हणालं ते मी खोलीत सांगितलं. टक. "माजा जोड? मी कदी म्हनलो?" टक.

"आत्ता. स्वतः सांगितलंत," साहेब म्हणाले. "आता गाडीची वेळ झाली म्हणून फिरवू नका."

तारेवर श्वास ऐकू येत होता. मग जेऊरनं एवढंच म्हटलं, "मी फिरवत न्हाय, साहेब."

मला हे सगळं चमत्कारिक वाटत होतं. जोडाचा मुद्दा माझा, मग हे जेऊरला का विचारतायत? मी तोंड उघडलं. खरं सांगतो, ते त्या माणसाला सोडवायला नव्हे, श्रेय घ्यायला उघडलं. पण अण्णांनी हात वर केला.

"मागं चला," ते भोंग्यात म्हणाले.

हे शब्द मी त्यापूर्वी कधी ऐकले नव्हते. रिसीव्हर उचलल्याचे खट खट आवाज आले, जे तारेवर नव्हते त्यांतलेही काही आले. वाद पडला की मागं चालायचं, अशी रीत होती. प्रत्येकानं आपण काय ऐकलं, कुणाच्या तोंडून ऐकलं, ते टिचक्यांसकट परत म्हणायचं. एकामागून एक, ज्याचे शब्द त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत. आणि ज्याच्या तोंडून निरोप गेला, त्यानं तोवर मिटून बसायचं. म्हणजे मी.

अण्णांनी माझ्या हेडफोनचा एक कान ओढून आपल्या कानाला लावला. आम्ही दोघं गालाला गाल लावून बसलो, त्यांच्या पानाचा वास आणि माझ्या चटणीचा वास एकमेकांत मिसळत. ते ऐकत आणि ऐकलेलं साहेबांना मोठ्यानं सांगत, बोटातली अंगठी टेबलावर टक् टक् वाजवत.

आधी मोहोळ. "सोलापूरकडनं ऐकलेलं सांगतो. टक." आणि मोहोळच्या तोंडून मी बोलायला लागलो. माझा तो शहरी हेल, वाक्याआधीचं खाकरणं, शेवटच्या शब्दावरचा दिमाख. 'जेऊर म्हणतंय, टक, पुढची लिंक उघडली, तरी खोकायलीय. म्हणजे पेटीतलाच जोड सैल असणार. तपासायला संध्याकाळ होईल.' आरशात स्वतःला मागून पाहिल्यासारखं झालं. आपण इतके आगाऊ दिसतो हे कुणी आधी सांगितलं नव्हतं. टक. मोहोळ थांबलं. "सगळं एकाच टिचकीत हाय. दुसरी मधी कुटंच ऐकू आली न्हाय. मी वाट बगत बसलो, जेऊरचं कवा संपतंय म्हनून."

माढा. "माज्याकडंबी तसंच. एकच टिचकी. 'खोकायलीय'च्या फुडं जरा थांबलंय सोलापूर. तितं कायतरी चावल्यावानी आवाज हाय. कुर्रम् करून. टिचकी न्हाय."

अण्णांचा डोळा हळूहळू माझ्या उजव्या हाताकडे वळला. मीही पाहिलं. मधलं बोट नखापासून पेरापर्यंत लालभडक तेलानं चकाकत होतं. मी टिचकी मारली होती, शपथेवर सांगतो, मारली होती. ती वाजली नव्हती. बोट भोंग्यावरून घसरलं होतं, बर्फावरून घसरावं तसं.

"कुर्डुवाडी," अण्णा म्हणाले.

कुर्डुवाडी हा जेऊरचा जिवाभावाचा माणूस. दवाखान्यात रोज फेरी मारणारा. तो नुसता 'दुसरी टिचकी मी ऐकली' म्हणाला असता तरी पुरे होतं. साहेबांनी मानलं असतं, जेऊर सुटला असता, आणि ते खोटंही धर्माचं ठरलं असतं.

"मी त्या येळंला दवाखान्याच्या फोनवर होतो," कुर्डुवाडी म्हणालं. आवाज जड होता. "मी अर्धंच ऐकलं. अर्धं ऐकलेलं मी सांगत न्हाय."

मित्र गाडीची वाट बघत तिकडं उभा, आणि हा अर्धा शब्द उचलायला तयार नाही. मी खुर्चीत सरळ झालो.

"केम?"

केम नव्हतं. खांबावर होतं. अण्णांनी केमची घंटी दिली, एक लांब, दोन आखूड. पुन्हा दिली. जेऊरच्या रिसीव्हरमधून आता मागचा गलका ऐकू येत होता. स्टेशनमास्तर कुणाला तरी ओरडून सांगत होते की पॅसेंजर पारेवाडीहून सुटली. म्हणजे जेऊरच्या आधीचं स्टेशन. साहेबांनी मानेवरचा रुमाल काढून पुन्हा टाकला. अण्णांनी तिसऱ्यांदा घंटी दिली आणि केम धापा टाकत तारेवर आलं.

"काय हो? कोन मेलं?"

"जेऊरचं शेवटचं बोलणं सांग," अण्णा म्हणाले. "तुझ्या कानानं ऐकलेलं."

केमनं का म्हणून विचारलं नाही. दम घेतला, आणि मग टक. आणि विहिरीच्या तळातला तो अबोल माणूस, त्याच्या त्या सपाट, जपून वापरलेल्या आवाजात, आमच्या अगदी कानाशी येऊन बोलला: "'पुढची लिंक उघडली, तरी खोकायलीय. ठिवतो, लिंक लावून येतो.'" टक. "हितं संपलं. रिसीव्हर ठिवल्याचा आवाज आला, मग मी उठलो."

"जोडाचं?"

"जोडाचं आत्ता कुटलं? जोडाचं सकाळी होतं."

"सकाळचं माज्याजवळ हाय," मोहोळ मधेच म्हणालं. "सोलापूर तवा आलं नव्हतं ड्यूटीवर. जेऊर म्हनलेलं, टक, 'पेटी उगडून बगितली, जोड घट्ट हाय,' टक."

अण्णांनी अंगठी टेबलावर वाजवली, दुसरी टिचकी, आणि साहेबांकडे पाहिलं. साहेब हिशेब लावत होते. मग त्यांनी अगदी साधा प्रश्न विचारला.

"मग उरलेलं बोलणं कुणाचं?"

ते शब्द बेवारशी पोरांसारखे मधे उभे होते: पेटीतलाच जोड सैल असणार. तपासायला संध्याकाळ होईल. मघाशी ज्यांच्यासाठी मी छाती फुगवली होती, तेच.

"माझं," मी म्हणालो.

"तुम्ही जोड पाहिलात?"

"नाही साहेब. तो विचार होता."

"विचार," साहेब म्हणाले. त्या एका शब्दाइतकी मोठी शिक्षा मला पुढं खात्यानं कधी केली नाही. ते भोंग्यावर वाकले. "जेऊर, निघा. तुमची हद्द साफ आहे."

"आन् मागची काळजी करू नगंस," केम ओरडलं. "दोनी हद्दी मीच बगतो. पळ!"

जेऊरनं रिसीव्हर ठेवला नाही. नियमानं ठेवायला हवा होता. त्यानं तो तसाच सोडला, आणि तो दोरीवर लोंबत भिंतीला आपटत राहिला. ठक. ठक. त्याच्यातून पावलं ऐकू आली, पळणारी, मग खडीवरची. मग गाडी आत आल्याचा धडधडाट, वाफेचा मोठा उसासा, कुणीतरी कुणाला हाक मारली. शिट्टी. टप्प्याटप्प्यानं वाढत गेलेलं इंजिनाचं छाती भरून ओढणं, डब्यांचे सांधे एकामागून एक. मोहोळ, माढा, कुर्डुवाडी, केम, भिगवण, सगळे रिसीव्हर कानाला लावून होते. कंट्रोलरसाहेबांनी माझ्या डोक्यावरचा हेडफोन न विचारता घेतला. ते आयुष्यभर गाड्या चालवत आले होते, एका खोलीत बसून, आकड्यांनी. त्यांनी डोळे मिटले. गाडी पार लांब जाईपर्यंत त्यांनी ते उघडले नाहीत.

हेडफोन परत देताना म्हणाले, "गेली."

अण्णा माझ्याकडे वळले. मी शिव्यांची तयारी ठेवली होती, कानडीतल्या. ते म्हणाले, "हात धू. आन् त्या बोटाचं नख वाढव. तेलकट बोट घसरतं, नख घसरत नाही."

बिघाड संध्याकाळी केमला त्याच्याच हद्दीत सापडला. उन्हानं सैलावलेल्या दोन तारा, वारा आला की एकमेकींना टेकत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी हेडफोन चढवला तर कुर्डुवाडी वाटच बघत होतं.

"जेऊरचं हाय. टक. 'मुलगी झाली. दोघी बऱ्या हायत. मी येळंवर पोचलो.' टक. आता माजं. बर्फी लई ग्वाड होती, तुमच्या वाटनीची मीच खाल्ली."

मी ते खोलीत सांगितलं, दोन्ही टिचक्यांसह, खणखणीत. पुढं अभिनंदन वगैरे काही जोडलं नाही. बर्फीबद्दल मात्र जोडलं.

पावसाळा सरला, थंडी पडली. एका दुपारी तार स्वच्छ होती, कामही नव्हतं. जेऊरचा श्वास ऐकू आला, त्यामागं कुणा बाईचं दबलेलं हसणं. मग काहीतरी रिसीव्हरला घासलं, आणि एकाएकी ती तार, जिच्यावर आम्ही सगळे नोकरी करत होतो, एका कोवळ्या, संतापलेल्या, दम लागेपर्यंतच्या टाहोनं भरून गेली. सरकारी तारेवर हे चालत नाही. माढ्याचा कावळा मधे एकदा ओरडला.

"जेऊर," शेवटी मोहोळ हळूच म्हणालं, "टिचकी न्हाय मारलास."

"तिला कशाला?" जेऊर म्हणालं. एरवी तो एवढ्यावरच थांबला असता, पण त्या दिवशी पुढंही बोलला. "ती कुनाचं सांगत न्हाय की. तिचं तीच बोलायलीय."

अण्णांनी टेबलापलीकडून माझा चेहरा पाहिला असावा. "काय म्हणतंय जेऊर?" त्यांनी विचारलं.

मी नख भोंग्यावर टेकवलं. टक. तोंड उघडलं. जसंच्या तसं सांगायचं, एक शब्द बदलायचा नाही. पण तिथं शब्दच नव्हता, तिचा टाहो अजून चालूच होता. मग हेडफोनचा एक कान ओढून बाहेर काढला आणि अण्णांच्या कानाला लावला.